एका शेंगेतले दोन दाणे

इंग्रजीतला ‘पी’ हा शब्द, म्हणजे आपला वाटाणा, दिसायला जितका लहान तितकाच कोशकाराच्या हाताला जड. आप्पांनी तो आयुष्यात दोनदा हाताळला. पहिल्यांदा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इंग्रजी-मराठी कोशाच्या पहिल्या आवृत्तीसाठी. आणि दुसऱ्यांदा एकाहत्तराव्या वर्षी, जेव्हा नव्या आवृत्तीसाठी त्या अक्षराचे गठ्ठे पुन्हा त्यांच्या मेजावर आले.

चष्म्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत कोशाचे कार्यालय होते. आप्पा आता आठवड्यातून तीनच दिवस येत, परंतु आल्यावर आधी हात धुऊन, कोरडे करून, मगच चिठ्ठ्यांना स्पर्श करीत. शब्द हा कोणीतरी आपल्या हाती विश्वासाने ठेवलेला असतो, अशी त्यांची भावना होती. ‘पी’च्या नोंदीवर त्यांनी चार दिवस घालवले. वेल आणि तिचा दाणा हा मूळ अर्थ. त्याला संस्कृतात कलाय म्हणतात, सतीनकही म्हणतात. शिट्टीच्या पोटात खुळखुळणाऱ्या गोळीलाही इंग्रज वाटाणाच म्हणतो. दाट पिवळट धुक्याला तो वाटाण्याचे सार म्हणतो. लाडक्या लेकराला वाटाण्याच्या एका फुलवेलीचे नाव देतो. खलाशांच्या जाड कोटाच्या नावातही हा शब्द ऐकू येतो, पण त्या कोटाचा वाटाण्याशी काडीचा संबंध नाही. ते नाव डच भाषेतल्या जाड्याभरड्या लोकरी कापडावरून आले. म्हणून आप्पांनी कोटाची चिठ्ठी काढून वेगळी ठेवली. सारखे दिसते म्हणून एका घरात नांदवू नये, हा त्यांचा जुना दंडक.

राहता राहिला तो वाक्प्रचार. दोन माणसे हुबेहूब सारखी असली की इंग्रज म्हणतो, एका शेंगेतल्या दोन वाटाण्यांसारखी. त्याखाली पहिल्या आवृत्तीत आप्पांनी स्वतः रचलेले वाक्य छापले होते. ‘माझ्या दोन्ही मुली एका शेंगेतल्या दोन वाटाण्यांसारख्या आहेत, त्यांच्या आईखेरीज कोणी त्यांना वेगळे ओळखत नाही.’

त्या वाक्यावर आज तांबडी रेघ होती.

“आप्पा, रागावू नका,” संपादकबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. एके काळी त्या आप्पांच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि आता सर्वांच्या वर होत्या; पण त्यांच्याशी बोलताना अजूनही पदर सावरल्यासारखा आवाज सावरीत. “नवा नियम सगळ्यांना सारखा आहे. घरी रचलेली वाक्यं काढायची. छापील आधार हवा, नाहीतर कोणीतरी बोललेलं टिपलेलं हवं. माझीच दोनशे वाक्यं मी मारली.”

“तुमची दोनशे मारा, हवी तर चारशे मारा,” आप्पा म्हणाले. “हे एक राहू द्या.”

पलीकडच्या मेजावरून मुद्रितशोधकांनी मान वर केली. आयुष्यभर प्रुफांवर वाकून त्यांची पाठ कायमची वाकली होती, म्हणून कार्यालय त्यांना स्वल्पविराम म्हणे आणि त्या नावाला ते ओही देत. “बाईंनी वाटाण्यालाच वाटाण्याच्या अक्षता लावल्या म्हणायच्या,” ते म्हणाले. कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

कारण त्या वाक्याची कथा तिघांनाही ठाऊक होती. आप्पांना जुळ्या मुली होत्या. थोरली अकरा मिनिटांनी मोठी. वाक्य लिहिले तेव्हा दोघी पाच वर्षांच्या होत्या. प्रुफे आली तेव्हा एकच उरली होती. तापाने थोरलीला पाच दिवसांत नेले. त्या वेळी तरुण असलेल्या स्वल्पविरामांनी प्रुफाचे ते पान हातात घेऊन, चाचरत विचारले होते, “वाक्य बदलायचं का?” आणि आप्पा म्हणाले होते, “राहू दे.” तेव्हापासून कार्यालयात ते पान आदराने उलटले जाई. बापाने मुलीसाठी बांधलेली ती समाधी आहे असेच सगळे मानीत. आप्पांनी कधी होय म्हटले नाही, की नाही म्हटले नाही.

“एक वाट आहे,” संपादकबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. “मूळ चिठ्ठीवर साक्षीदाराची सही असेल, तर ते वाक्य ऐकीव आधाराचं धरता येईल. चिठ्ठी शोधून द्या. शुक्रवारी हे अक्षर छापायला जातंय.”

साक्षीदाराची पद्धत पहिल्या संपादकांनी घालून दिली होती. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी ती वाचायची आणि खाली सही करायची. काही खटकले तरी सही करायचीच, कारण चिठ्ठी वाचल्याची ती खूण. मात्र आक्षेप चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचा. तोंडी आक्षेप चालत नसे. बोललेला आक्षेप माणूस भिडेखातर मागे घेतो, लिहिलेला घेता येत नाही, असे ते म्हणत. मग चिठ्ठी लिहिणाऱ्याने पाठ वाचून तेथे बरोबरची खूण करायची. माणसे तीनच असल्याने गठ्ठे घरी जात आणि घरची माणसे साक्षीदार होत. आप्पांचे गठ्ठे त्यांच्या पत्नी वाचीत. त्यांना सगळे माई म्हणत.

गुरुवारी दुपारी दोघे म्हातारे मागच्या खोलीत शिरले. स्वल्पविराम वाकलेलेच असल्याने खालचे खण त्यांच्याकडे आले आणि वरचे आप्पांकडे.

“देवानं मला या कपाटाच्या मापानंच घडवलंय,” स्वल्पविराम म्हणाले. “हे घ्या. पी. दोरी तुमच्याच गाठीची.”

चिठ्ठी सापडली. कागद पिवळा पडला होता, शाई तपकिरी झाली होती. आप्पांचे तरुण, उतावीळ अक्षर; आणि खाली, ओळीला जराही न सोडणारी माईंची सही. आप्पांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“झालं तर! आता बाईंची काय बिशाद?” स्वल्पविराम म्हणाले आणि सवयीने, पन्नास वर्षे हाती येईल तो कागद उलटून पाहणाऱ्या माणसाच्या सवयीने, त्यांनी ती आप्पांच्या हातातून घेऊन उलटली. चिठ्ठी त्यांनी हळूच परत दिली आणि खोलीबाहेर गेले.

पाठीवर माईंच्या अक्षरात लिहिले होते :

‘आक्षेप. वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. मुली सारख्या नाहीत. हाक मारली असता धाकटी हाक मारणाऱ्याकडे पाहते. थोरली आधी बहिणीकडे पाहते, मग हाक मारणाऱ्याकडे. धाकटी बोलून मग विचार करते. थोरली बोलण्याआधी श्वास घेते, तो ऐकू येतो. आईखेरीज कोणी ओळखत नाही हेही खरे नाही. दूधवाला ओळखतो. कोपऱ्यावरचा शिंपी ओळखतो. वाक्य बदलावे ही विनंती.’

शेजारी बरोबरची खूण नव्हती. इतरांच्या हजारो चिठ्ठ्यांच्या पाठी आप्पांनी काटेकोरपणे वाचल्या होत्या. घरून आलेला गठ्ठा मात्र त्यांनी कधी उलटला नव्हता. घरचेच तर माणूस, त्याला काय खटकणार, असे त्यांना वाटले होते.

ते घरी आले तेव्हा माई खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. गेल्या चार वर्षांत त्यांची दृष्टी मधोमध विझत गेली होती. कडेचे थोडे दिसे; ज्याच्याकडे पाहावे ते दिसत नसे. पावले ऐकून त्या म्हणाल्या, “आज लवकर? की बाईंनी हाकललं?”

आप्पा समोर बसले. त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली, आधी पुढची बाजू, मग पाठ. ‘शिंपी ओळखतो’ हे त्यांनी दोनदा वाचले.

माईंचे हात थांबले होते. “सापडली होय,” त्या म्हणाल्या.

“तू मला कधी बोलली का नाहीस?”

“बोलायचं नसतं ना. तुम्हीच शिकवलंत. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, याच खोलीत. आक्षेप तोंडी सांगायचा नसतो, पाठीवर लिहायचा असतो. मी लिहिला. मग वाट पाहिली.”

“किती दिवस?”

“पुस्तक छापून घरात येईपर्यंत.” त्यांनी एक शेंग फोडली. “मला वाटलं, वाचून तुम्हाला पटलं नसेल. तुम्ही विद्वान माणूस. म्हटलं, बापाला मुली सारख्या वाटत असतील तर आपण काय खूण पटवायची?”

“मी वाचलीच नाही गं.”

“ते आज कळतंय मला.”

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत होते. मग आप्पांनी, जे एकोणचाळीस वर्षे जिभेवर येऊ दिले नव्हते ते, चिठ्ठी वाचावी तसे सपाट आवाजात सांगायला सुरुवात केली.

“ती दवाखान्यात होती ना, चौथ्या दिवशी दुपारी मी कार्यालयातून धावत आलो होतो. दहा मिनिटं बसलो. निघताना तिला हाक मारली. माई, मी तिला धाकटीच्या नावानं हाक मारली.”

“ठाऊक आहे.”

आप्पांनी मान वर केली.

“मी दारात होते. तांब्या भरून आणत होते,” माई म्हणाल्या. “ती ‘ओ’ म्हणाली.”

“जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. परत वर जायला हवं होतं. पण छापखान्याचा माणूस खोळंबला होता. म्हटलं, संध्याकाळी येऊन नीट हाक मारू.” संध्याकाळी थोरलीची शुद्ध गेली होती आणि ती परत आली नव्हती. “मग पुढच्या महिन्यात प्रूफ आलं. त्यात ते वाक्य होतं. आईखेरीज कोणी ओळखत नाही. लोकांना वाटलं, मुलीच्या आठवणीसाठी ठेवलं. मी ठेवलं ते माझ्यासाठी. छापून आलं की खरं वाटतं गं. कोणीच ओळखत नव्हतं, मग बापाचा काय दोष, असं म्हणायला मला एक जागा झाली. आज ती राखायलाच मी बाईंशी भांडत होतो.”

माईंनी शेंगांचे ताट बाजूला सारले. त्यांचा चेहरा आप्पांच्या दिशेने होता, पण किंचित कडेला वळलेला. तसे वळल्यावरच त्यांना समोरच्याचा काही भाग दिसे.

“तुम्ही गेल्यावर मी तिला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, अगं, दुसरीच्या नावाला तू का ओ दिलीस? बाबांना सांगायचं नाही का?”

“काय म्हणाली?”

“श्वास घेतला. मग म्हणाली, ‘बाबा घाईत होते.’”

आप्पा उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माईंनी त्यांना हाक मारली नाही. रडणाऱ्या माणसाला मध्येच पाणी देऊ नये, तो रडणे सोडून पाणी पितो, असे त्यांची आई म्हणत असे.

दिवेलागणीला माईंनीच फोटोंचा डबा काढायला सांगितला. दोन्ही मुली असलेले असे नऊ फोटो होते. आप्पांनी ते वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. पाहिले की प्रत्येकात आपली मेलेली मुलगी कोणती ते कळत नसे, आणि पत्नीला विचारण्याची छाती होत नसे. आता विचारायचे धैर्य आले होते तर माईंना दिसत नव्हते.

“पहिला कोणता?” माई म्हणाल्या.

“बाकावर बसल्यात दोघी. झबली सारखीच. केस सारखेच.”

“शब्दांची फोड करता एवढी, आणि पोरींकडे बघून झबलीच दिसतात? कोण कुणाकडे बघतंय ते सांगा.”

आप्पांनी फोटो दिव्याजवळ नेला. छायाचित्रकाराने हाक मारली असणार. डावीकडची सरळ समोर पाहत होती, ओठ उघडे, काहीतरी बोलून मोकळी झालेली. उजवीकडची तिच्याकडे पाहत होती.

“उजवीकडची,” ते म्हणाले. “उजवीकडची थोरली.”

“हं. पुढचा.”

दुसऱ्यातही तसेच होते. तिसऱ्यातही. एका फोटोत दोघी पाण्याच्या नळाशी होत्या, एकीचे डोळे मिटले गेले होते, तरी तिची मान बहिणीकडे होती. नऊच्या नऊ फोटोंत एक मुलगी जगाकडे पाहत होती आणि दुसरी आपल्या बहिणीकडे. लपलेले काहीच नव्हते. आप्पांनी प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने थोरलीची जागा लिहिली, डावी किंवा उजवी, आणि लिहिताना तिचे नाव हाताळल्यासारखे त्यांचे बोट कागदावर टेकलेले राहिले.

“धाकटीला कळवू का उद्या?” त्यांनी विचारले. धाकटी आता चव्वेचाळीस वर्षांची होती, दूरच्या शहरात शिकवत होती.

“कळवा. तिला सवय आहे, तुम्ही तिच्याकडे बघताना दोघींना शोधता याची. एकदा म्हणाली होती, आई, बाबा माझ्याशी बोलताना नेहमी थोडे बाजूला बघतात.”

“तू हेही मला नाही सांगितलंस.”

“कुठल्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचं होतं?” माई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, टोमणाही फारसा नव्हता. फार वर्षांचा थकवा तेवढा होता.

शुक्रवारी सकाळी आप्पांनी हात धुतले, मूळ चिठ्ठी संपादकबाईंच्या मेजावर ठेवली आणि म्हणाले, “वाक्य काढा.”

“अहो, सही आहे ना साक्षीदाराची! मी काल रात्रीच ठरवलं होतं, तुमचं वाक्य ठेवायचं म्हणून.” बाईंनी चिठ्ठी उचलली.

“उलटा,” आप्पा म्हणाले.

त्यांनी उलटली, वाचली, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसू लागल्या. स्वल्पविराम आपल्या जागेवरून न पाहिल्यासारखे करीत होते. शेवटी बाईंनी खणातून मागे घेण्याची कोरी चिठ्ठी काढली. वाक्य मागे घ्यायचे तरी कार्यालयाचा शिरस्ता तोच होता : लिहिणाऱ्याने कारण द्यायचे आणि साक्षीदार हयात असेल तर त्यानेच पुन्हा सही करायची.

“कारण मी भरू का?” त्यांनी हलक्या आवाजात विचारले. “‘छापील आधार नाही’ एवढं पुरे. कोणाला काही कळायला नको.”

“आधार नव्हता असं नाही,” आप्पा म्हणाले. “वाक्य खोटं होतं.” त्यांनी टाक घेतला आणि कारणाच्या जागी लिहिले : ‘साक्षीदाराचा आक्षेप मान्य.’ खाली तारीख घातली. ती घालताना त्यांचा हात जरा थबकला, कारण शेजारच्या मूळ चिठ्ठीवरच्या जुन्या तारखेपुढे ती एखाद्या दुसऱ्या शतकातली वाटत होती.

वाक्प्रचाराखाली मग एका वर्तमानपत्रातून उचललेले वाक्य गेले. समोरासमोरच्या दोन सरकारी इमारती एका शेंगेतल्या दोन वाटाण्यांसारख्या होत्या, असे काहीसे. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते.

ती नवी चिठ्ठी घेऊन आप्पा दुपारीच घरी आले. माईंच्या हाती टाक देऊन त्यांनी त्यांचे बोट सहीच्या रेघेवर आणून ठेवले.

“आधी वाचा,” माई म्हणाल्या. “न वाचता मी कधी सही केली नाही.”

आप्पांनी वाचले. शब्द, वाक्य, कारण, तारीख. एकही अक्षर गाळले नाही.

माईंनी सही केली. रेघ त्यांना दिसत नव्हती, त्यामुळे सही अर्धी रेघेवर आणि अर्धी खाली उतरली, आणि शेवटचे अक्षर कागदाच्या कडेबाहेर मेजावर गेले. टाक खाली न ठेवता त्यांनी चिठ्ठी उलटली आणि कोऱ्या बाजूवरून तळहात फिरवला.

“इथं काही लिहायचं असेल तर?” त्या म्हणाल्या.

“लिही,” आप्पा म्हणाले. “मी बसलोय.”

माई टाक धरून तशाच बसून राहिल्या. उन्हाची तिरीप मेजावरून सरकत खाली उतरली, तरी आप्पा उठले नाहीत.